सुकवारो दाईची नऊ नावं

रायपुरात आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरात कपाटं दोन आणि पत्र्याच्या पेट्या चौदा होत्या. शेजारीच पेट्या बनवणाऱ्याचं दुकान होतं. तिथली हातोडी सकाळी नऊला सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. पाहुण्यांची डोकी दुखायची. आम्हाला मात्र ती मध्येच थांबली की घरात काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं. चौदापैकी दोन पेट्यांत धान्य, एकीत आईच्या लग्नाची भांडी आणि उरलेल्या अकरा पेट्यांत गावांची नावं होती. बाबा जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत कारकून होते. तिथले रद्द झालेले छापील फॉर्म ते घरी आणायचे, त्यांची चौकोनी कार्डं कापायचे आणि कोऱ्या बाजूवर एकेका गावाचं, पाऱ्याचं म्हणजे वस्तीचं, तळ्याचं, शेताचं नाव लिहायचे. खाली तीन ओळी असत: कोणी सांगितलं, काय सांगितलं, त्यावरून तिथे आधी कोण राहत असावं. पेटी अक्षरवार लावलेली. पेटीवाला दरवर्षी एक नवीन बनवून द्यायचा आणि आईला विचारायचा, ‘भाभी, इसमें अब क्या भरेंगे भैया?’ आई म्हणायची, ‘हवा.’

बाबांचं म्हणणं सोपं होतं आणि ते जेवतानासुद्धा सांगायचे. हैहय राजांच्या काळापासून या मैदानात कोण कोण येऊन वसलं, हे शिलालेखात सापडत नाही, कारण शिलालेख राजाचे असतात. ते नावांत सापडतं. ज्या गावाच्या नावात डीह आहे तिथे जुनी वस्ती मोडून मातीचा उंचवटा झालेला असतो. गावात आज सवरा आदिवासींचं एकही घर नाही पण शेताच्या नावात सवरा आहे, म्हणजे कोणीतरी उठून गेलं किंवा उठवलं गेलं. गढी, चौक, पेठ यांच्या नावांवर त्यांचा विश्वास नव्हता. ‘राजा बदलला का किल्ल्याचं नाव बदलते, कुंदे,’ ते म्हणायचे. ‘डबरीचं काहून बदलंल? तिले नाव देणारा तिथं रोज पाणी भरते.’ स्वतःच्या मोहल्ल्यालाही ते सोडत नसत. तात्यापारा कोणत्या तात्यांचा, हे विचारलं तर तिथल्या प्रत्येक मराठी घरचा तात्या वेगळा निघतो, म्हणून त्या कार्डावर त्यांनी ‘माहीत नाही’ असं लिहून ठेवलं होतं. शेजारचे देशमुख आजोबा त्यावरून त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. मला हिशेब, मापं, शिवणकाम यांत डोकं चालवायला आवडायचं, ज्याचा शेवट हातात धरता येतो. पण बाबांचा उजवा पाय स्कूटरच्या अपघातात कायमचा आखडला, तेव्हा गावोगाव फिरून विचारायचं काम माझ्यावर आलं. भाऊ भिलाईला शिकत होता आणि आईला घर होतं. मी टेम्पोने जायची, उरलेली वाट पायी तुडवायची, शाळेच्या वहीत लिहून आणायची. घरी आल्यावर बाबा पलंगावर उशीला टेकून बसायचे आणि मी वाचून दाखवायची. प्रत्येक नावानंतर त्यांचा एकच प्रश्न असायचा: ‘तोंडून ऐकलं? कोणाच्या?’ मी नाव सांगितलं की मगच पेन उघडायचे. ऐकीव, वाचीव, ‘असं म्हणतात’ असलं काही त्यांच्या पेटीत जात नसे. हे इतकं सविस्तर लिहिते आहे, कारण पुढे मी जे केलं ते किती सोपं होतं हे कळावं. त्यांचा सगळा पहारा त्या एका प्रश्नावर होता आणि दारात मी उभी होते.

नागपूरचे नानाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांनी आमच्या कुळाचा कुलवृत्तान्त काढायचं मनावर घेतलं होतं. मराठी घरांतून असे ग्रंथ निघतात ते ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते: कापडी बांधणीचं जाड पुस्तक असतं, त्यात मूळ पुरुषापासून कालच्या बारशापर्यंत सगळ्यांची वंशावळ, कुलदैवत, कोण कुठे नोकरीला, कोणाला किती मुलं. मुलींची नावं कंसात. आमच्या रायपूर शाखेचा मूळ पुरुष विठोजी. तो भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आला, त्याला चार गावं मिळाली आणि त्याने शहराबाहेर उरल्याच्या बाजूला एक मोठं तळं खोदून त्याच्या काठी वस्ती बसवली, असं आमच्या घरात सांगत. गावं केव्हाच गेली होती. तळं होतं. ते आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नव्हतं, पण लग्नाच्या बैठकीत त्याचा उल्लेख हमखास व्हायचा.

काकांनी बाबांना आठ पानं देऊ केली. रायपूर शाखेवर लेख, वर बाबांचं नाव. बाबांचं एक अक्षर तोवर कुठे छापलं गेलं नव्हतं. भावांमध्ये ते ‘नावं गोळा करणारा मधू’ होते. काका चारचौघांत विचारायचे, ‘काय मधू, आज किती पकडली?’ आणि सगळे हसायचे, बाबाही. त्या आठ पानांसाठी बाबा कामाला लागले. पंधरा दिवसांत सात पानं झाली. आठव्यावर विठोजीचं तळं यायचं होतं आणि तिथे ते अडून बसले. तळ्याला लोक नुसतं ‘बडे तरिया’ म्हणतात, म्हणजे मोठं तळं. त्यावरून काहीच ठरत नाही. कागद नाही. काकांनी पत्रातून कळवलं की वाडवडील सांगत आले हा पुरावा नाही तर काय. बाबांनी मला हाक मारली. तळ्याकाठच्या डीहपाऱ्यात सुकवारो नावाची एक म्हातारी आहे, तिचा नवरा गावचा बइगा होता, म्हणजे देवाचं करणारा. ती सांगंल ते लिहून आण, म्हणाले. ती म्हणाली विठोजी, तर विठोजी. नाही म्हणाली तर आठवं पान कोरं.

बीरगांवला टेम्पो सोडला आणि मी चालत निघाले. त्या वेळी उरल्यात कारखाने येऊन बसले होते, पण अजून सगळीकडे पसरले नव्हते. ट्रक गेला की लाल धूळ उडायची, ती बसली की पलीकडे भाताची शेतं दिसायची. डीहपाऱ्यात वीस-बावीस घरं असतील. सुकवारो दाई (तिकडे आईला, म्हाताऱ्या बाईला दाई म्हणतात) अंगणात धान पाखडत होती. हातभर गोंदलेलं, केस पांढरे, पाठ ताठ. मी तात्यापाऱ्याहून आले म्हटल्यावर तिने मला ‘मराठिन नोनी’, मराठी पोरगी, म्हणून बसवलं आणि पितळीत बासी दिली, रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, वर कच्चा कांदा आणि मीठ. मी कामाचं विचारलं. तळ्याचं खरं नाव काय?

ती म्हणाली, असं एकटं नाव सांगता येत नाही. श्रावणात सवनाही करतात, रोगराई गावात शिरू नये म्हणून शिवेभोवती फिरून देवाला द्यायचं असतं, तेव्हा तिचा नवरा एकेका जागी उभा राहून जागेचं नाव घ्यायचा. तो क्रम मोडत नाहीत. बायका या पूजेत नसतात, पण निघण्याआधी नवरा घरात क्रम घोकायचा, तो चाळीस वर्षं ती कुडाआडून ऐकत आली होती. मुलाला क्रम येत नव्हता. तो रोलिंग मिलमध्ये पाळीवर जायचा. म्हणून मग ती उठली, सूप भिंतीला टेकवलं आणि मला घेऊन निघाली. आम्ही दोघी दुपारच्या उन्हात सबंध शीव चाललो. ती थांबायची, टाच जमिनीवर दाबायची, नाव घ्यायची आणि मी लिहायची. ठाकुरदेव. सवराडीह, म्हणजे गावामागचा मातीचा उंचवटा, त्यात खापऱ्या अजून दिसत होत्या. जुन्नापारा. बइगा डोली, म्हणजे बइगाचं भातशेत. गोंडिन डबरी. लोहरा भाठा, त्या माळावर खरंच लोखंडाचा काळा मळ पडलेला होता. मग तळं. ते मोठंच होतं, काठाला अर्जुनाची झाडं, पाण्यावर शिंगाड्याचे वेल. तिने नाव घेतलं: सवराबांधा.

मी विचारलं, हे आमच्या विठोजीने खोदलं ना? ती हसली नाही की चिडली नाही. म्हणाली, ‘हमर पुरखा मन कोड़े हें, नोनी. तुंहर मन के आए के बहुत पहिली.’ आमच्या पूर्वजांनी खोदलं, तुमची माणसं येण्याच्या कितीतरी आधी. पुढे केंवटा घाट आला, नावाडी-कोळ्यांचा. त्याच्या शेजारी एक उतरता, दगडी काठ होता. तिथे ती थांबली आणि बोटाने दाखवलं, ‘अउ ए घोड़ा घाट. तुंहर घोड़ा मन इही मेर पानी पियत रिहिन.’ तुमचे घोडे इथे पाणी प्यायचे. नऊ नावं झाली. परतताना तिने मला दोनदा विचारलं, ‘सब्बो नाव लिखा गे न?’ मी म्हटलं, हव दाई, सगळी लिहिली. माझ्या वहीत ती खरोखरच सगळी होती.

घरी पोचले तर नानाकाका आलेले. न कळवता आले होते, मजकूर छापखान्यात द्यायचा होता. आईने पाटवडीचा रस्सा केला होता, घरभर तिखट वास होता, शेजारची हातोडी सुरू होती. बाबा पलंगावर नव्हते. खुर्चीत बसले होते, धुतलेला सदरा घालून, समोर सात पानं नीट टाचलेली. काका रस्सा ओरपत म्हणाले, आली आपली हेर. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं: ‘मधू, तुह्या पोट्टीनं तळं आणलं का नाही? नाही तं त्या जागी मी जावयांचे फोटो टाकतो. लेख काहून अर्धवट छापायचा?’ बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी कितीदा तपासून पाहिलं आहे. त्यात खोटं बोल असं कुठेही नव्हतं. नुसती आशा होती, पन्नाशीच्या माणसाच्या तोंडावर शोभू नये इतकी.

मी उभ्या उभ्या सांगितलं की ती म्हणाली, तळ्यावर आपले घोडे पाणी प्यायचे. हे खरं होतं. काकांनी मांडीवर थाप मारली. बाबांनी विचारलं, तळं कोणी खोदलं? मी म्हटलं, विठोजीने. वस्ती? तीही. आणि मग बाबांनी पेन उघडण्याआधी विचारलं, ‘तिच्या तोंडून?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘तिच्याच तोंडून.’

त्यांनी वही मागितली नाही. इतर दिवशी मागायचे. मी हात धुऊन जेवायला बसले आणि पाटवडी चांगली चार खाल्ली, तेही लिहून ठेवते. मला त्या क्षणी वाईट वाटलं नव्हतं. एक काम संपलं असं वाटलं. शंभर-दोनशे घरांत जाणारं पुस्तक, त्यातलं एक वाक्य, आणि बाबांना त्यांच्या भावासमोर ताठ बसता आलं. कोणाचं काय गेलं? मी व्यवहारी आहे असं लोक तेव्हाही म्हणायचे.

कुलवृत्तान्त पुढच्या वर्षी आला. बाबांच्या लेखात शेवटी तळटीप होती: सदर माहिती डीहपारा येथील वृद्ध रहिवासी श्रीमती सुकवारोबाई यांनी प्रत्यक्ष सांगितली. बाबा ते पान उघडं ठेवून झोपायचे. आणि त्यांचा एक नियम होता जो मी विसरले होते: ज्याने सांगितलं त्याला छापलेलं द्यायचं. एक प्रत बाजूला काढून त्यांनी ती तांबड्या फडक्यात बांधली आणि मला सांगितलं, सुकवारोबाईंना नेऊन दे. मी आठवडाभर टाळलं. मग गेले. ती ओसरीवर बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. विचारलं, ‘मोर नाव लिखाय हे?’ मी पान काढून तिच्या नावावर बोट ठेवलं. तिने माझं बोट बाजूला सारलं आणि स्वतःचं ठेवलं, हळूहळू ओळीवरून फिरवलं, तळटीप संपून पानाची किनार येईपर्यंत. मग मुलाला हाक मारून सांगितलं की गावाची सगळी नावं आता पुस्तकात गेली आहेत, आता विसरायची भीती नाही. पुस्तक तिने पुन्हा त्याच फडक्यात बांधलं आणि साड्यांच्या पेटीत खाली ठेवलं. तिची पेटी आमच्या शेजाऱ्याकडचीच होती, झाकणावरच्या फुलावरून मी ओळखली. मला तिने जाताना ठेठरी-खुरमीच्या फराळाची पुडी बांधून दिली. ती मी टेम्पोत एका मुलीला देऊन टाकली.

दोन-तीन वर्षं गेली. मी शाळेचे गणवेश शिवायचं काम घरच्या ओसरीवर सुरू केलं होतं, दोन मशीन होत्या. एका सकाळी सुकवारो दाईचा मुलगा बुधराम सायकलवरून आला. कारखान्यांसाठी जमीन मोजणं सुरू होतं आणि तळ्याचा प्रश्न निघाला होता. तळं गावाचं असेल तर गावाकडे राहील, लोकांचा अंघोळीचा, गुरांचा, मासळीचा हक्क राहील. पण ते एखाद्या मालगुजाराने, म्हणजे गावाच्या जमीनदाराने, स्वतः खोदलेलं असेल तर मालगुजारी गेली तेव्हाच सरकारजमा झालं, आणि सरकारला ते बुजवून शेड उभारायला देता येईल. गुरुवारी शाळेच्या ओसरीवर चौकशी होती. डीहपाऱ्यातल्यांकडे कागद नव्हता. पण दाई म्हणाली होती की आपल्याकडे पुस्तक आहे; ते मराठीत, म्हणून तिथे कोणी वाचलेलं नव्हतं. बुधरामला एवढंच हवं होतं की ज्यांनी लिहिलं त्यांनी येऊन सांगावं. बाबांचा आता पलंगावरून पाय निघत नव्हता. ते म्हणाले, कुंदा जाईल. तिनंच तं ऐकलं आहे.

बाबांच्या त्या बोलण्यात काही खोच होती का, हे मला आजही ठरवता येत नाही.

मी गेले. ओसरीवर टेबल, खुर्चीत साहेब, बाजूला नकाशे. डीहपाऱ्यातली माणसं खाली पटांगणात बसली होती आणि त्यांच्या पुढे सुकवारो दाई, आता पाठीत वाकलेली. बुधरामने फडकं सोडलं आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. साहेबांना मराठी वाचता येत होतं, बालाघाटकडचे होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी पान शांतपणे वाचलं, परत वाचलं, मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत सांगितलं: यात तर लिहिलं आहे की तळं विठोजी नावाच्या मराठा सरदाराने स्वखर्चाने खोदलं, वस्तीही त्यानेच बसवली, आणि हे तुमच्याच सुकवारोबाईंनी सांगितलं आहे. बुधरामने आईकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे जसं पाहिलं, तसं खरं तर माझ्याकडे पाहायला हवं होतं.

साहेबांनी मला विचारलं, ‘ये आपके पिताजी का लिखा है?’ मी ‘जी’ म्हटलं. ‘जानकारी सही है?’

माझी वही घरी होती. तिच्यात नऊ नावं क्रमाने होती, माझ्याच अक्षरात. एवढंच म्हणायचं होतं की नाही, चूक आहे, माझी आहे. पण घरी पलंगावर बाबा होते आणि त्यांच्या छातीवर ते पान होतं. आता ते खोटं लिहिणारे ठरतील, काका नागपूरभर सांगतील, आणि बाबांना कळेल की त्यांचा एकमेव प्रश्न मी कसा चुकवला. हे सगळं मला फार झटकन सुचलं. मी म्हटलं, ‘पिताजी बिना पूछे कुछ नहीं लिखते.’ प्रत्येक शब्द खरा होता.

सुकवारो दाई उठली. तिला उठायला वेळ लागला आणि कोणी तिला धरलं नाही. ती ओसरीच्या पायरीपर्यंत आली, माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि हळू आवाजात, जणू मी काहीतरी विसरले आहे आणि मला आठवण करून द्यायची आहे अशा सुरात म्हणाली, ‘नोनी, तैं तो मोर संग रेंगे रेहे.’

तू तर माझ्यासोबत चालली होतीस. मी नकाशाकडे बघत राहिले. ती परत जाऊन आपल्या जागी बसली.

एका पुस्तकावरून असे निकाल लागत नाहीत, हे मला कळतं. नकाशे होते, दुसरे कागद होते, कारखान्यांची घाई होती. मी खरं बोलले असते तरी तळं कदाचित गेलंच असतं. स्वतःला हे मी बरीच वर्षं सांगितलं. पण त्यांच्याकडे कागद एकच होता आणि तो मी नेऊन दिलेला होता. पुढच्या उन्हाळ्यापासून तळ्यात भट्टीची राख आणि दगड पडायला लागले. डीहपाऱ्यात दोन तट पडले. काहींचं म्हणणं होतं की म्हातारीने मराठ्यांकडून काहीतरी घेतलं आणि त्यांच्यासारखं सांगितलं. ती गेली तेव्हा तिच्या मातीला निम्मी घरं आली नाहीत, असं मला बीरगांवच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडून कळलं. मी त्या दिवशी दोनशे शर्टांच्या कॉलर कापल्या.

बाबांना मी घरी येऊन सांगितलं की साहेबांनी लिहून घेतलं. त्यांनी काही विचारलं नाही. ‘तोंडून?’ हा प्रश्न त्यांनी मला त्यानंतर कधीच विचारला नाही, आणि मीही पुढे नावं आणायला गेले नाही. मशीन वाढल्या, वेळ नव्हता. बाबा गेल्यावर पेट्या माळ्यावर गेल्या. आता शेजारचं पेट्यांचं दुकान नाही, तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि दुपारी इतकं शांत असतं की माझ्या कारागीर बायका कानात गाणी घालून बसतात.

मागच्या दिवाळीआधी माळा साफ करायला काढला. पेट्यांना गंज चढला होता, खालच्या पेट्यांतली कार्डं वाळवीने खाल्ली होती. विद्यापीठातल्या एका बाईंनी त्या मागितल्या होत्या, म्हणून मी एकेक उघडून चाळत होते. ‘स’च्या पेटीत, सवरा नावांच्या गठ्ठ्यात, माझी शाळेची वही होती. मी ती माझ्या कपड्यांखाली ठेवली होती आणि पुढे ती हरवली असं धरून चालले होते. तिच्यात खोचलेलं एक कार्ड होतं, बाबांच्या अक्षरात, शेवटच्या दिवसांतलं हलतं अक्षर. सवराबांधा. सांगणार: सुकवारोबाई. ऐकणार: कुंदा. खाली नऊ नावं क्रमाने, आणि तिसऱ्या ओळीत, जिथे ते आधी कोण राहत असावं ते लिहायचे: ‘क्रम बघावा. सवरा, गोंड, लोहार, केवट. आपण शेवटी, तेही घोड्यांपुरते.’

म्हणजे त्यांना कळलं होतं. केव्हा, ते कार्डावर नाही. चौकशीच्या आधी कळलं असेल, तर मला पाठवण्याचा अर्थ एक होतो. नंतर कळलं असेल तर दुसरा. त्यांनी खरं कार्ड केलं, योग्य पेटीत, योग्य गठ्ठ्यात लावलं आणि कोणाला सांगितलं नाही. छापलेलं पान तसंच राहू दिलं. माझी भावजय म्हणाली, बघा, त्यांनी तुम्हाला माफ केलं होतं. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, आम्ही दोघंही एकाच घरातले.

बुधरामची मुलगी बीरगांवात राहते. एका खाजगी शाळेत शिकवते, त्या शाळेचे गणवेश मीच शिवते, हे मला चार वर्षं माहीत होतं. मी फोन करून गेले. तिच्या बैठकीत मुलांच्या वह्यांचा ढीग होता. तिने चहा ठेवला. मी वही आणि कार्ड टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, जेवढं वर लिहिलं आहे तेवढंच, मध्ये न थांबता. ती आजीला फारशी ओळखत नव्हती, लहान होती. पण आजीने गाव विकलं हे ती ऐकत मोठी झाली होती. बराच वेळ तिने कार्ड उलटसुलट केलं. मागच्या बाजूला एक रद्द झालेला कचेरीचा फॉर्म होता, तोही वाचला.

‘ये पहले क्यों नहीं दिया, आंटी?’

मी म्हटलं, बाबांना वाचवत होते. ते गेल्यावर स्वतःला. तिने मान हलवली, मान्य केल्यासारखी नाही, ऐकल्यासारखी. चहा दोघींचा तसाच राहिला. मग तिने मोबाइल टेबलावर ठेवला, त्यातलं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि वही माझ्याकडे सरकवली. म्हणाली की तिचे वडील आता ऐकू शकतात, वाचू शकत नाहीत. आणि पाऱ्यातल्या सगळ्यांनी ऐकायला हवं. कोण सांगतंय आणि कोणी सांगितलं होतं, ते आधी बोला.

मी माझं नाव सांगितलं. सुकवारोबाईंनी मला सोबत चालवून ही नावं सांगितली आणि मी ती बदलली, असं म्हटलं. मग वाचायला लागले. ठाकुरदेव. सवराडीह. जुन्नापारा. तिने हात वर करून थांबवलं, सावकाश, म्हणाली, आणि मी पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. बइगा डोली, गोंडिन डबरी, लोहरा भाठा. तिथे आता वजनकाटा आहे. सवराबांधा. केंवटा घाट. शेवटचं नाव, घोड़ा घाट, वाचलं तेव्हा तिने पहिल्यांदा वहीवरची नजर उचलून माझ्याकडे पाहिलं.

‘घोड़े किसके थे?’

‘हमारे,’ मी म्हटलं. तिने ते रेकॉर्ड होऊ दिलं आणि मग बंद केलं.